टायफॉइडची एक सुई आणि फ्रिजबाहेरची लस

मागच्या अंकातल्या टिपणात आम्ही लिहिलं होतं की ‘एकदाच टोचायची’ आणि ‘फ्रिजशिवाय टिकणारी’ ही जिवाणूविरोधी लशीची दोन वेगळी कोडी आहेत. एक सुटलं म्हणून दुसरं सुटत नाही, उलट कधीकधी जास्तच गुंततं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (नेरूळ): माझ्या मुलीला २०१८ साली महापालिकेच्या मोहिमेत टायफॉइडची एकच सुई दिली. तेव्हा ती चार वर्षांची होती. मला तरुणपणी मात्र डॉक्टर ‘दर तीन वर्षांनी घ्या’ म्हणायचे. आता एकच कशी पुरते? पुन्हा द्यायची का?

उत्तर: साखर दोन्ही लशींत तीच आहे, फरक तिच्या सोबतीला कोण आहे याचा. टायफॉइडचा जिवाणू, साल्मोनेला टायफी, अंगावर ‘व्हीआय’ नावाच्या शर्करासाखळीचं पांघरूण घेऊन फिरतो. तुम्ही घ्यायचात त्या लशीत ही साखळी २५ मायक्रोग्रॅम, नुसतीच असे. नुसत्या साखळीने बी-पेशी थेट जाग्या होतात आणि प्रतिपिंडं बनतात, पण टी-पेशी त्यात लक्ष घालत नाहीत. त्यांना प्रथिनांचे तुकडे ओळखू येतात, साखर नाही. टी-पेशींची मदत नसेल तर आठवण ठेवणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. म्हणून दर तीन वर्षांनी सुई, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती लस देतच नसत.

मुलीला मिळाली ती संयुग्मित लस, दवाखान्यात तिला ‘टीसीव्ही’ किंवा ‘कॉन्ज्युगेट’ म्हणतात. तिच्यातही व्हीआय २५ मायक्रोग्रॅमच, पण टिटॅनस टॉक्सॉइडला, म्हणजे धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला, रासायनिक बंधाने जोडलेला. बी-पेशी साखर पाहून अख्खी जोडी गिळते, आत प्रथिनाचे तुकडे करून टी-पेशीला दाखवते आणि बदल्यात मदत मिळवते. प्रथिनाचं काम इथे निव्वळ वशिल्याचं.

हैदराबादच्या भारत बायोटेकच्या या लशीला भारतात २०१३ साली परवाना मिळाला: ०.५ मिली, स्नायूत, एकदा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१८ मध्ये एका डोसची शिफारस केली आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सरकारी यंत्रणेतून टीसीव्ही देण्याची जगातली ही पहिली मोहीम. तुमच्या मुलीचं नाव त्या यादीत आहे, कार्ड जपून ठेवा.

नेपाळ, मलावी आणि बांगलादेशातल्या चाचण्यांत या लशीने टायफॉइड साधारण ८० टक्क्यांनी कमी केला. मलावीत चार वर्षांनंतरही आकडा ७८ च्या आसपास राहिला. बांगलादेशात मात्र वयाच्या दोन वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलांमध्ये तीन ते पाच वर्षांनी संरक्षण बरंच उतरलेलं दिसलं. मुलीने चौथ्या वर्षी घेतली, त्यामुळे ती या गटात बसत नाही. तान्ह्यांसाठी बूस्टरचा विषय आज ना उद्या निघणार असं आमचं मत आहे, पण २०१८ ची शिफारस एकाच डोसची होती. पुन्हा द्यायची का हे बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवून विचारा.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: पॅराटायफॉइड ‘ए’च्या जिवाणूवर व्हीआयचं पांघरूण नसतं, म्हणून त्यावर ही लस चालत नाही. लस घेतलेल्या मुलालाही तीन दिवसांहून जास्त ताप राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करून घ्या. आधी गोळी आणि मग कल्चर केलं तर बाटलीत बऱ्याचदा काही उगवत नाही.

प्रश्न (ऐरोली): आरोग्य केंद्रात कुपीवर ‘सिंगल डोस’ वाचलं. म्हणजे ती लस आयुष्यात एकदाच घ्यायची का?

उत्तर: नाही. तिथे ‘या कुपीत एकाच माणसापुरतं औषध आहे’ एवढाच अर्थ. तीन वेळा घ्यायची लससुद्धा सिंगल डोस कुपीत मिळते. उलट टायफॉइडची एकदाच घ्यायची लस पाच डोसांच्या कुपीतही येते.

अनेकांची कुपी स्वस्त पडते आणि फ्रिजमध्ये जागा कमी खाते, पण बूच दर वेळी टोचलं जातं. याची किंमत काय असू शकते ते एक जुनी घटना सांगते. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगचे जिवाणू उष्णतेने मारून लस केली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला. चूक गावातच झाली होती, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे मान्य होऊन ते १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. आज बहुडोस द्रव लशीत परिरक्षक घालतात (टायफॉइडच्या पाच डोसांच्या कुपीत फिनॉक्सीइथेनॉल असतं) आणि पेंटा (पाच रोगांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) यांसारख्या उघडलेल्या कुप्या नियम पाळून २८ दिवस वापरता येतात. बीसीजी किंवा गोवर-रुबेला जिवंत असतात, त्यांत परिरक्षक घातलं तर लसच मरेल. म्हणून त्या पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवायच्या, उरलेली फेकायची.

प्रश्न (महापे): मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात लायो (गोठवून वाळवण्याच्या) विभागात काम करतो. अँटिबायोटिकच्या व्हायल आम्ही रोज वाळवतो. संयुग्मित लस गरमीत टिकावी म्हणून वाळवायची तर वेगळं काय? कुठे चुकतं?

उत्तर: यंत्र तेच, माल नाजूक. अँटिबायोटिकचा रेणू लहान असतो, त्याला घडी वगैरे नसते. लशीतल्या वाहक, म्हणजे साखळीला जोडलेल्या, प्रथिनाभोवतीचं पाणी गेलं की ते उलगडतं आणि शेजाऱ्याला चिकटतं. म्हणून पाण्याच्या जागी साखरेची काच भरायची. चिक्कीचा पाक आठवा. गोळीबंद पाक गार झाला की त्याचे खडे न होता काच होते आणि दाणे जागच्या जागी अडकतात. हीच चिक्की जुलैमध्ये ठाण्याच्या स्वयंपाकघरात उघडी ठेवली तर दोन दिवसांत चिकट होते. लशीचं नेमकं हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

सुरुवात द्रावणापासून. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज ५ ते १० टक्के. लॅक्टोज आणि ग्लुकोज नकोत, त्या क्षपण करणाऱ्या साखरा आहेत. त्या प्रथिनातल्या लायसीनशी जुळतात आणि गरमीत ठेवलेला केक (व्हायलमधला वाळलेला माल) पिवळा पडतो. सुक्रोज आम्लात फुटून ग्लुकोज देतो, म्हणून पीएच उतरू द्यायचा नाही. इथेच सोडियम फॉस्फेट बफर दगा देतो: गोठताना डायसोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी पडतात आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ७ वरून ४ च्या दिशेने घसरतो. हिस्टिडीन किंवा ट्रिस बरे. मीठ जितकं कमी तितकं चांगलं, कारण मिठाने गोठलेल्या साखरेचं काच-तापमान, म्हणजे ज्याच्या वर काच मऊ पडते ते, आणखी खाली जातं. केक देखणा यावा म्हणून मॅनिटॉल घालतात, पण त्याचे स्फटिक होतात आणि स्फटिक प्रथिनाला सांभाळत नाही. मॅनिटॉल सांगाडा म्हणून ठीक, रखवालदार म्हणून नाही.

आता चक्र. दोन मिलीच्या व्हायलमध्ये अर्धा मिली, स्टॉपर अर्धवट बसवलेला. शेल्फ उणे ४५ अंशांवर नेऊन दोन-तीन तास. मॅनिटॉल असेल तर उणे २० अंशांच्या आसपास दोन तास थांबवून त्याचं स्फटिकीकरण तिथेच उरकून घ्या. ते राहिलं तर पुढे कपाटात होतं आणि सुटलेलं पाणी साखरेच्या काचेत शिरतं. शिवाय वाळवताना व्हायल तडकतात त्या वेगळ्या. मग प्राथमिक वाळवण. सुक्रोजचा केक उणे ३२ अंशांच्या जवळ बसायला लागतो, म्हणून मालाचं तापमान उणे ३४ च्या वर जाऊ द्यायचं नाही. शेल्फचं तापमान आणि मालाचं तापमान एक नव्हे: बर्फ थेट वाफ होऊन उडताना माल स्वतः गार होतो, त्यामुळे शेल्फ उणे २५ असला तरी माल उणे ३४ वर राहू शकतो. चेंबरचा दाब साधारण ०.०७ मिलिबार. त्या तापमानाच्या बर्फाचा बाष्पदाब ०.२५ मिलिबार असतो, त्याच्या पाव ते तीस टक्के हा जुना, चालणारा अंदाज आहे. या टप्प्याला २० ते ४० तास लागतात. घाई करणारे इथेच हरतात. टप्पा संपला हे घड्याळावरून ठरवू नका. पिरानी गेज पाण्याच्या वाफेत जास्त आकडा दाखवतो आणि कपॅसिटन्स गेज खरा दाब दाखवतो. दोघांचे आकडे जुळले की बर्फ संपला. कडेच्या व्हायल आधी वाळतात, म्हणून तपासणीचे प्रोब मधल्या व्हायलमध्ये ठेवा.

दुय्यम वाळवणीत शेल्फ मिनिटाला ०.१ ते ०.२ अंशाने २५-३० पर्यंत चढवायचा आणि चार-सहा तास ठेवायचा. मग नायट्रोजन, अर्धवट व्हॅक्यूममध्ये स्टॉपर दाबणं, सील. कार्ल फिशर चाचणीने उरलेला ओलावा मोजा. इथे प्रत्येक टक्का बोलतो: पूर्ण कोरड्या सुक्रोजचं काच-तापमान ७० अंशांच्या जवळ, एक टक्का पाणी असेल तर सुमारे ६०, तीन टक्क्यांना ४५ च्या आसपास. साठवण काच-तापमानाच्या निदान २० अंश खाली हवी. म्हणजे तीन टक्के ओलाव्याची सुक्रोजची लस ४० अंशांत ठेवणं म्हणजे पावसाळ्यातली चिक्की. ट्रेहॅलोजचं कोरडं काच-तापमान ११० च्या वर, म्हणून गरम देशासाठी तो महाग असूनही घेतात.

सगळं बरोबर केल्यावरही सहा महिन्यांनी ओलावा चढलेला दिसला तर केकला दोष देण्याआधी रबरी स्टॉपर बघा. वाफेने निर्जंतुक केलेला स्टॉपर पाणी पिऊन बसतो आणि ते सावकाश व्हायलमध्ये सोडतो. १०० अंशांच्या थोडं वर काही तास वाळवूनच वापरा. अँटिबायोटिकच्या लॉटमध्ये ही चूक खपून जाते, इथे नाही.

शेवटचं वळण अ‍ॅल्युमिनियमचं. डोस कमी व्हावेत म्हणून अनेक लशींत अ‍ॅल्युमिनियमचं क्षार-मिश्रण सहायक म्हणून असतं आणि ते गोठलं की त्याचे कण गोळा होतात, पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. एकाच डोसासाठी जे लागतं तेच वाळवणीला नको असतं. यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मेनिन्जायटिस ‘ए’ लशीत, मेनआफ्रिव्हॅकमध्ये, सोपा तोडगा आहे: संयुग्म वाळवलेलं एका व्हायलमध्ये आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट सोबतच्या द्रावणात. दोन्ही टोचण्याआधीच भेटतात.

प्रश्न (कोपरी): ‘ही लस ४० अंशांत चार दिवस टिकते’ हे कोण ठरवतं? मग इतक्या वर्षांच्या बाकी सगळ्या लशी फ्रिजमध्येच का?

उत्तर: उदाहरण तेच घेऊ, कारण हे वाक्य कायदेशीरपणे लेबलवर लिहून घेणारी लस मेनआफ्रिव्हॅक. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती सुरू झाली. एक ते २९ वर्षांच्या प्रत्येकाला एकच डोस, किंमत अर्ध्या डॉलरच्याही आत. २०१२ मध्ये ती ४० अंशांपर्यंत चार दिवस फ्रिजबाहेर नेण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी बेनिनमध्ये तशी वापरलीही. २०१० ते २०१२ मध्ये लशीत काही बदललं नव्हतं. बदलली ती कागदपत्रं.

आमच्या मते इथेच लोकांचा गैरसमज होतो. पुष्कळ संयुग्मित लशींत गरमी सोसण्याची ताकद आधीपासून असते. ती मोजून नियामकापुढे मांडायला कोणी पैसे घालत नाही, कारण गिऱ्हाईक फ्रिजवालंच असतं. मोजायचं कसं? तीन वेगवेगळे लॉट घ्यायचे. काही २ ते ८ अंशांत पूर्ण मुदतीपर्यंत, काही २५ ला, काही ४० ला ठेवायचे, आणि ठरलेल्या दिवशी काढून तपासायचे. संयुग्मित लशीत सर्वांत आधी सांगतो तो ‘सुटा पॉलिसॅकराइड’, म्हणजे प्रथिनापासून तुटलेली साखळी. ती वाढली तर सुईत वशिला नसलेली साखर जाते आणि लस पुन्हा जुन्या लशीसारखी वागते. व्हीआयच्या बाबतीत साखळीवरचे ओ-अ‍ॅसिटिल गटही मोजावे लागतात, कारण प्रतिपिंडं मुख्यतः तेच ओळखतात; एका ग्रॅममागे निदान २ मिलिमोल हवेत. ते गळले तर साखर मोजणीत तेवढीच भरते, पण काम करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची अट अशी: निदान ४० अंश, निदान तीन दिवस, एकदाच, आणि तेही टोचण्याच्या अगदी आधी. सोबत कुपीवर व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) आणि पेटीत कमाल-तापमान दाखवणारं कार्ड. व्हीव्हीएम एकूण सोसलेली उष्णता दाखवतो. भर दुपारी गाडीत तासभर ५० अंश झाले तर तो फारसा हलत नाही. ते काम कार्डाचं.

प्रश्न (शहापूर तालुका): मी उपकेंद्रात एएनएम आहे. पावसात लाइट जाते, कधी सहा-सात तास. आयएलआर (बर्फाच्या अस्तराचा लशीचा फ्रिज) असलेल्या आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) घाबरून लस फेकायची का? उन्हाळ्यात सेशनला नेताना बर्फ जास्त भरते, ते बरोबर ना?

उत्तर: ताई, पहिल्याचं उत्तर ‘फेकू नका’, दुसऱ्याचं ‘बरोबर नाही’.

मान्यताप्राप्त आयएलआर झाकण न उघडता ४३ अंशांच्या गरमीतही निदान २० तास आतली थंडी धरतो. झाकण वर आहे ते उगाच नाही, थंड हवा जड असते आणि खालीच राहते. लाइट गेली की दर तासाला उघडून थर्मामीटर बघण्याचा मोह टाळा. बाहेरचा डिस्प्ले किंवा डेटा लॉगर असेल तर तो वाचा. लाइट आल्यावर नोंद करा, मग व्हीव्हीएम बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. गोलाएवढा किंवा जास्त गडद झाला तर बाद. व्हीव्हीएमचे प्रकार वेगळे आहेत. टायफॉइडच्या टीसीव्हीवरचा ‘३०’ प्रकारचा, म्हणजे ३७ अंशांत ३० दिवसांनी बाद, २५ अंशांत १९३ दिवसांनी. पोलिओच्या थेंबांवरचा ‘२’ प्रकारचा, ३७ अंशांत दोन दिवसांत संपणारा. दोन्ही एकाच पेटीत असतील तर काळजी थेंबांची आधी.

आता बर्फ. लाइट जाण्याने जेवढी लस जाते त्याहून जास्त, आमच्या मते, जादा बर्फाने जाते, आणि ती गुपचूप जाते. हिपॅटायटिस बी उणे अर्ध्या अंशालाच गोठते. पेंटा, टीडी, पीसीव्ही (न्यूमोकोकसची लस) यांतल्या अ‍ॅल्युमिनियमचं वर सांगितलं तेच होतं. व्हीव्हीएम गोठणं दाखवत नाही! फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक थेट कॅरिअरमध्ये घालू नका. टेबलावर ठेवा, अधूनमधून कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं की पुसून चार पॅक लावा. उन्हाळ्यात याला कमी वेळ लागतो, हिवाळ्यात तासाच्या वर. कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत, मधोमध. आयएलआरमध्येही या कुप्या तळाला नकोत, टोपलीत वर ठेवा.

गोठल्याचा संशय असेल तर शेक टेस्ट. त्याच लशीची, त्याच बॅचची एक कुपी रात्रभर डीप फ्रीझरमध्ये मुद्दाम गोठवा, वितळू द्या. ती आणि संशयित कुपी एकत्र हातात धरून जोरात हलवा, शेजारी ठेवा आणि बघा. मुद्दाम गोठवलेलीत गाळ भराभर खाली बसेल, वरचं पाणी नितळ होईल. संशयित कुपीतला गाळ तितकाच भराभर बसला तर तीही गोठलेली. सावकाश बसला तर चांगली. ही चाचणी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या लशींनाच चालते. आयपीव्ही (पोलिओची सुई) आणि टायफॉइडच्या टीसीव्हीत अ‍ॅल्युमिनियम नाही, त्यामुळे गोठूनही गाळ दिसणार नाही. त्यांना गोठू न देणं एवढाच उपाय.

प्रश्न (घणसोली): मी बी.फार्म.ला आहे. धनुर्वाताचे दोन-तीन डोस एकाच सुईत, हळूहळू विरघळणाऱ्या कणांतून का देता येत नाहीत? टाके तर विरघळणारे असतात.

उत्तर: कल्पना तुमच्या वयाहून जुनी आहे. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने यावर जोर लावला होता. टाक्यांचंच द्रव्य, पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक यांचं प्रमाण समसमान ठेवलं तर कण एक-दोन महिन्यांत विरतो, लॅक्टिक वाढवलं तर आणखी सावकाश. दोन प्रकारचे कण मिसळले की एक आज सुटेल, एक दोन महिन्यांनी.

अडलं कुठे? एक, कण बनवताना पीएलजीए डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतात आणि प्रथिनाचं पाणी त्यात घुसळतात. त्या सीमेवरच पुष्कळ टॉक्सॉइड उलगडून जातो. दोन, तयार कण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाहीत, म्हणून शेवटी निर्जंतुक करायची सोय नाही. पहिल्या पायरीपासून सगळं निर्जंतुक खोलीत करावं लागतं आणि खर्च तिथेच वाढतो. तिसरं कारण सर्वांत अवघड: कण दंडात बसला की आतलं प्रथिन ३७ अंशांत, ओलसर, आठवडेच्या आठवडे पडून राहतं. पीएलजीए विरताना आम्ल सोडतं, ते कणाच्या पोटात साचतं आणि पीएच फार खाली जातो. शिवाय टिटॅनस टॉक्सॉइड फॉर्माल्डिहाइडने निष्प्रभ केलेला असतो. ओलावा मिळाला की तेच फॉर्माल्डिहाइडचे दुवे रेणूंना एकमेकांत विणतात आणि टॉक्सॉइडचे न विरघळणारे गोळे होतात. म्हणजे दुसरा डोस सुटण्याची वेळ येते तेव्हा सुटण्यासारखं काही उरलेलं नसतं. कणात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून आम्ल मारता येतं, प्रयोगशाळेत त्याने बराच फरक पडला. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हे कोडं घ्या: फ्रिजबाहेर टिकणं आणि एकाच सुईत भागणं हे दोन प्रश्न इथे एकच होतात, फक्त फ्रिजच्या जागी माणसाचा दंड.

प्रश्न (कळवा): आमच्या कुत्र्याला लेप्टोची लस मिळते. दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठणाऱ्या आम्हाला का नाही?

उत्तर: लेप्टो ज्याने होतो त्या लेप्टोस्पायरा जिवाणूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि मारलेल्या जिवाणूची लस तिच्यात घातलेल्या दोन-चार प्रकारांपुरतीच चालते. कुत्र्याला दरवर्षी टोचतात ते म्हणूनच, संरक्षण टिकत नाही. माणसांसाठी अशा लशी क्युबा, चीन, फ्रान्स यांसारख्या मोजक्या देशांत ठरावीक लोकांना दिल्या गेल्या, भारतात नाहीत. एका डोसाची गोष्ट इथे अजून लांब आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. डॉक्सिसायक्लिन द्यायचं का, किती, ते तेच ठरवतील. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांनी ते स्वतःहून घ्यायचं नाही.

प्रश्न (वाशी): बालरोगतज्ज्ञ लस बाहेरून आणायला सांगतात. केमिस्ट पिशवीत बर्फ घालून देतो. क्लिनिक सानपाड्याला. एवढं पुरतं का?

उत्तर: बर्फ बहुतेक वेळा जास्तच होतो. कडक गोठलेला जेल पॅक आणि त्याला टेकलेली लशीची खोकी, हीच चूक आम्हाला सगळ्यांत जास्त दिसते. केमिस्टला सांगा: लस फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून काढून द्या, दारातली किंवा फ्रीझरखालची नको. पॅक थोडा वितळलेला असू दे आणि त्याच्या व खोक्याच्या मध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या घाला. थर्मासची पिशवी किंवा जेवणाचा डबा नेतो तसली इन्सुलेटेड पिशवी असेल तर उत्तम. वाशी ते सानपाडा अर्ध्या तासाचं अंतर आहे. तेवढ्यात २५-३० अंशांनी टायफॉइडच्या लशीचं काही बिघडत नाही, बर्फाने बिघडेल. स्कूटरच्या डिकीत मात्र ठेवू नका. आधी घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी घेऊन जायचं असा बेत असेल तर त्यापेक्षा संध्याकाळी क्लिनिकला जातानाच घ्या. पावतीवर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या आणि क्लिनिकमध्ये खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा.